अलाबामावर लिहिताय? या चुका टाळा

दर मार्चमध्ये अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात सेल्मा गावच्या एडमंड पेटस पुलावर कॅमेऱ्यांची झुंबड उडते. १९६५ साली मतदानाचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीयांना पोलिसांनी इथे झोडपून काढलं, त्याचा स्मृतिदिन. पुढारी चालतात, भाषणं होतात आणि अमेरिकेच्या दक्षिणेतल्या नागरी हक्कांवरचं आपलं बरंचसं मराठी लिखाण त्या पुलापाशीच थांबतं. पहिली चूक हीच. पूल ओलांडून महामार्ग ८० ने राज्याची राजधानी माँटगोमेरीकडे निघालात, तर मोर्चाच्या त्याच वाटेवर लाउंड्स काउंटी, म्हणजे तिथला एक जिल्हा, लागते. तिथली माती चिकण, पाणी जिरू न देणारी. बऱ्याच घरांना गटाराची जोडणी नाही. सेप्टिक टँक तुंबतो, नवा बसवायला हजारो डॉलर लागतात. मग संडासाचा पाइप थेट मागच्या अंगणात उघडतो आणि मोठा पाऊस झाला की घाण उलटी घरात येते. यावर यंत्रणेने काय करावं? रहिवाशांनाच अटकेची भीती घातली. कार्यकर्त्या कॅथरीन कोलमन फ्लॉवर्स यांनी हा विषय वर्षानुवर्षं लावून धरला, म्हणून तो देशभर पोचला.

याच काउंटीत आकड्यांची चूकही सर्रास होते. अंकुशकृमी (हुकवर्म, आतड्यातला जंत) अमेरिकेतून हद्दपार झाला असं मानलं जात होतं. २०१७ च्या एका अभ्यासात तो इथे पुन्हा सापडला: ५५ नमुन्यांपैकी १९ मध्ये. मथळे मात्र ‘काउंटीतल्या दर तिसऱ्या माणसाला’ अशा थाटाचे झाले. ५५ जणांवरून हजारोंच्या वस्तीचं प्रमाण निघत नाही. ‘५५ पैकी १९’ एवढंच लिहा, ते पुरेसं धक्कादायक आहे. फुगवलेला आकडा विरोधकाच्या हाती कोलीत देतो.

बातमी रडकी होतेय, पण ठोस वाटत नाही, अशी तक्रार असेल तर बहुधा तुम्ही जमाखर्च पाहिलेला नाही. अलाबामातल्याच बर्मिंगहॅमजवळचं ब्रुकसाइड गाव घ्या. वस्ती १,२५३, मोठं म्हणावं असं दुकान एकच, डॉलर जनरल. तिथले पोलीस काळ्या, नाव-चिन्ह नसलेल्या गाड्यांतून फिरत, महामार्गावर गाड्या अडवत, पावत्या फाडत, गाडी उचलून नेत. नुसती एका ड्रायव्हरची कैफियत छापली असती तर ‘तो असं म्हणतो, पोलीस तसं म्हणतात’ इथेच गाडं अडलं असतं. एएल डॉट कॉम या अलाबामातल्या बातम्यांच्या संकेतस्थळाच्या बातमीदारांनी गावाचे हिशेब उघडले. दंड आणि जप्तीची कमाई दोन वर्षांत ६४० टक्क्यांनी वाढली होती आणि २०२० मध्ये गावाच्या एकूण उत्पन्नातला जवळपास निम्मा वाटा तिचाच होता. आता प्रश्न एका उर्मट शिपायाचा राहिला नाही, गाव कशावर चालतं याचा झाला. जानेवारी २०२२ मध्ये बातमी आली, काही दिवसांतच पोलीसप्रमुखाने राजीनामा दिला, पुढच्या वर्षी पुलित्झरही मिळालं. माझ्या मते या विषयावर पहिल्यांदा लिहिणाऱ्याने बाकी काही वाचण्याआधी ही मालिका वाचावी.

कागद मागवायचे कुठून, यातही गफलत होते. अमेरिकेच्या केंद्र सरकारचा माहितीचा कायदा राज्याच्या किंवा नगरपालिकेच्या कार्यालयाला लागू नाही. अर्ज राज्याच्या कायद्याखालीच करावा लागतो. पुण्यात बसून लिहिणाऱ्याने तिथल्या स्थानिक बातमीदाराशी आधी ओळख काढावी, हे उत्तम.

आपल्याकडचा जातीचा साचा तिथे जसाच्या तसा बसवू नका. खरा धागा हवाच असेल तर तो लाउंड्समध्येच आहे. अलाबामात निरक्षर मतदारांसाठी पक्षाला निवडणूक चिन्ह लागे. तिथल्या कृष्णवर्णीयांनी साठच्या दशकात नवा पक्ष काढला, तेव्हा चिन्ह घेतलं काळ्या बिबट्याचं, म्हणजे ‘ब्लॅक पँथर’चं. ते कॅलिफोर्नियातल्या ब्लॅक पँथर पक्षाने उचललं आणि त्या पक्षावरून १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर हे नाव आलं. इतकं सरळ नातं असताना ओढूनताणून तुलना कशाला?

अटक झालेल्याचा पोलिसांनी दिलेला फोटो झटपट टाकण्याचा मोहही आवरा. ‘माँटगोमेरी ॲडव्हर्टायझर’ने २०१८ मध्ये आपल्याच जुन्या अंकांबद्दल अग्रलेखातून जाहीर कबुली दिली. जमावाने ठार मारलेल्या माणसांना या वर्तमानपत्राने पुराव्याविना गुन्हेगार ठरवून टाकलं होतं. ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार’ एवढं जोडलं की आपण सुटलो असं समजू नका. खटल्याचा निकाल लागेल तेव्हा तोही तितक्याच ठळकपणे छापायची तयारी ठेवा.

आणि पाठपुरावा. मे २०२३ मध्ये लाउंड्सच्या सांडपाण्यावर केंद्रीय न्याय खात्याने राज्याच्या आरोग्य खात्याशी करार केला, तेव्हा ‘अखेर न्याय’ छापाचं लिहून बरेच जण मोकळे झाले. एप्रिल २०२५ मध्ये नव्या सरकारने तो करार रद्द केला. त्यामुळे आता लिहायला बसलात तर करारातल्या तरतुदी बाजूला ठेवा आणि प्रत्यक्ष किती घरांत टाकी बसली, किती अंगणांत पाइप अजून उघडाच आहे, ते आधी विचारा.