भोंगा वाजला की आधी पाण्याची धार बघा

देवबागच्या खाडीत होडी चालवणाऱ्याला आऊटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून बसवलेल्या) इंजिनाचा भोंगा ओळखीचा असतो. सलग वाजला की थ्रॉटल लगेच उतरवा आणि मागे वाकून बघा, थंडाव्याच्या पाण्याची बारीक धार पडतेय का? नसेल तर इंजिन बंद करून त्याचा पाय, म्हणजे पाण्यातला खालचा भाग, वर उचला. बहुतेक वेळा पाणी ओढायच्या जाळीला प्लास्टिकची पिशवी चिकटलेली असते (कृपा पर्यटकांची). जाळी साफ असेल तर धारेच्या भोकात बारीक तार फिरवा. तरीही धार नाही? इम्पेलर (पाणी ओढणाऱ्या पंपातला रबरी पंखा) बघायला हवा. वाळूच्या उथळ पाण्यात तो लवकर झिजतो. धार ठीक असून भोंगा थांबत नसेल तर ऑइल तपासा.

भोंगा नाही, पण इंजिन आचके देत बंद पडतंय, तर पेट्रोलकडे वळा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू बंद राहिला की पाइपावरचा रबरी फुगा चपटा होतो. उलट, कितीही दाबून फुगा कडक होत नसेल तर एखादा जोड हवा ओढतोय. दाबताना फुग्यावरचा बाण वर असू द्या.

पावसाळ्यानंतर होडी पाण्यात घालताना फिल्टरमधलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओता. पाणी तळाशी वेगळं दिसेल. तसलं पेट्रोल वाचवत बसू नका.