ओहोटी आणि कातळशिल्पं: मुलांना नेताना या चुका टाळा

मुलांना कशातच रस नाही, असं म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावं की त्यांना कुठे नेलं आणि किती वाजता नेलं. गोव्यातल्या बहुतेक सहली इथेच फसतात.

सगळ्यात मोठी चूक ओहोटीची. पुनवेला ओहोटी मोठी असते हे कुठेतरी ऐकलेलं असतं, म्हणून पुनवेचा रविवार ठरतो. चाळीस मुलांची बस अकराला हणजुणेच्या (अंजुना) खडकांपाशी पोचते आणि बघते तर खडक पाण्याखाली! पुनवेची ओहोटी मोठी असते हे खरंच आहे, पण ती पहाटे पाच-सहाला किंवा संध्याकाळी. दुपारी अकरा-बाराला भरती ऐन भरात असते. मग मुलं वाळूत पळतात, फोटो काढतात, वडे खाऊन परततात आणि समुद्र म्हणजे एवढंच, असं धरून चालतात.

पंचांग घरात असतंच. तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती. सहा तास मागे गेलं की ओहोटी. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे दुपारी तीनला भरती आणि सकाळी नऊच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरची तृतीया ते पंचमी मुलांसाठी उत्तम. हा झाला अंदाज, अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो. पक्की वेळ मुरगाव बंदराच्या तक्त्यात बघा. ओहोटीच्या तासभर आधी पोचा, पाणी फिरल्यावर अर्ध्या तासात निघा. पाच मुलांमागे एक मोठा माणूस हवा, आणि चपला नकोत, पट्ट्याचे बूट हवेत.

ओहोटीत खडकांमध्ये पाण्याची डबकी उरतात, त्यांतले जीव बघायचे. डबक्याशी पोचल्यावर सावली पाण्यावर पडणार नाही असं बसा आणि दोन मिनिटं कुणीही बोलू नका. ही दोन मिनिटं मोठ्यांनाच जड जातात. मग एखादा शंख चालू लागतो. लगेच नाव सांगून मोकळं होऊ नका. "हा शंख त्यानेच बनवला असेल का?" एवढंच विचारा. तो गोगलगायीचा असतो. चालतो तो आतला संन्यासी खेकडा (हर्मिट क्रॅब). त्याचं पोट मऊ असतं म्हणून तो रिकाम्या शंखात राहतो आणि वाढला की मोठा शंख शोधतो. मुलांनी हे एकदा पाहिलं की रिकामे शंख घरी का आणायचे नाहीत, हे वेगळं सांगावं लागत नाही. उलटलेला दगड मात्र होता तसाच परत ठेवायचा, यात सूट नाही.

दुसरी चूक उसगाळीमळच्या कातळशिल्पांची. सांगे तालुक्यात, कुशावती नदीकाठी जांभ्यावर शंभराहून जास्त आकृत्या कोरल्या आहेत: बैल, हरणं, गोल वळणांचं चक्रव्यूह. 1993 साली त्या अभ्यासकांपुढे आल्या. लोक तिथेही भर दुपारी जातात. रेषा उथळ आहेत. ऊन डोक्यावर आलं की त्यांत सावली पडत नाही आणि मुलांना नुसता कातळ दिसतो. मग कुणीतरी खडू काढतो. खडू अजिबात नको, तारेचा ब्रशही नको. सूर्य कलता असताना जा. उशीर झालाच तर छत्रीची सावली करून टॉर्च जमिनीलगत आडवा धरा, बैलाचं शिंग उठून दिसेल. टॉर्च फिरवायला मुलांकडे द्या. कातळावर पाय नको, चक्रव्यूहाची वाट बोटाने हवेतच गिरवायची. वय किती, असं मुलं विचारतीलच. अभ्यासकांचं त्यावर एकमत नाही, हे तसंच सांगा. आकडा ठोकून देऊ नका.

बाकीच्या चुका थोडक्यात. एका दिवसात चार ठिकाणं नकोत. मिरामारच्या विज्ञान केंद्रात एकेका बटणामागे धावू देऊ नका, तीन प्रयोग पुरे. भिंग लांब धरून काही दिसत नाही. ते डोळ्याशी धरायचं आणि वस्तू जवळ आणायची. जीव बघायला पारदर्शक डबी घेतलीत तर त्याच डबक्याचं पाणी भरा, सावलीत ठेवा आणि पाच मिनिटांत जिथून उचललं तिथेच सोडा.