समुद्रविज्ञान, घर आणि परडे : खानापूर तालुक्यातून या वाटेला येणाऱ्यांसाठी

गेल्या काही वर्षांत बेळगाव जिल्ह्यातील जांबोटी, कणकुंबी आणि खानापूर भागातील पालक आपल्या मुलींना घेऊन आमच्या घरी येऊ लागले आहेत आणि त्यांचा प्रश्न बहुधा एकच असतो : घरापासून दूर, जहाजावर जाण्याचे हे काम संसार सांभाळून निभते का? मी पंधरा वर्षे समुद्राच्या पाण्यातील प्राणवायूवर काम करते आहे. आठवड्याचे पाच दिवस गोव्यात राहते आणि शुक्रवारी संध्याकाळी चोर्ला घाट चढून जांबोटीजवळच्या आमच्या गावी येते. काम निभते, पण त्यासाठी दिवसाचे तास वाटून भागत नाही, वर्षाचे महिने वाटून घ्यावे लागतात. हे समजायला मला बरीच वर्षे लागली, म्हणून ते आधीच सांगून ठेवते.

शिक्षणाची वाट आपल्या भागातून दिसते तितकी लांब नाही. पीयूसीला (अकरावी-बारावीला) विज्ञान घ्यावे आणि पदवीला रसायनशास्त्र, भौतिकशास्त्र, गणित, प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र किंवा भूविज्ञान यांपैकी जे मनापासून आवडते ते पक्के करावे. समुद्र त्यानंतर येतो. पदव्युत्तर शिक्षणासाठी कर्नाटक विद्यापीठाचे कारवार येथील सागरी जीवशास्त्राचे केंद्र, मंगळूर विद्यापीठातील सागरी भूविज्ञान, ताळगाव पठारावरील गोवा विद्यापीठ आणि कोचीचे विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ ही ठिकाणे आहेत. संशोधनासाठी दोनापावला येथील १९६६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र ही दोन्ही आपल्यापासून घाट उतरल्यावर काही तासांवर आहेत. नेट परीक्षेतून कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर २०२३ पासूनच्या दराने पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि पुढे ४२,००० रुपये मिळतात. मुलगी शिकतेही आहे आणि कमावतेही आहे, हे घरी सांगता येणे आपल्याकडे फार मोलाचे असते.

मराठी शाळेतून आलेल्या मुलांनी इंग्रजीची धास्ती घेऊ नये, मात्र कन्नडकडे पाठ फिरवू नये. दाखले आणि अर्ज कन्नडमध्येच पुढे येतात आणि कारवारच्या बोटीवर तांडेलाशी (बोटीच्या मुख्य खलाशाशी) कोकणी किंवा कन्नडमध्येच बोलावे लागते.

आता मूळ प्रश्नाकडे येते. माझ्या पहिल्या मोठ्या सफरीच्या वेळी मी घरी ‘तीन आठवडे’ असे सांगून निघाले होते. हवामान आणि यंत्रदुरुस्ती यांमुळे त्या तीन आठवड्यांचे पाच झाले. किनारा सुटल्यावर काही तासांतच मोबाइलची रेंज जाते, आणि जहाजावरून उपग्रहाद्वारे निरोप धाडण्याची सोय असते हे मी सासूबाईंना समजावून सांगितलेच नव्हते. एप्रिलचा महिना होता. मिरचीची आणि वांग्याची रोपे मी स्वतः पाणी घालण्याच्या भरवशावर लावून ठेवली होती. मी परतले तेव्हा वाफे भाजून गेले होते आणि सासूबाई रोपांपेक्षा माझ्या काळजीने अधिक वाळल्या होत्या. चूक पूर्णपणे माझी होती. तेव्हापासून सफरीचे दिवस सांगताना मी दहा दिवस वाढवून सांगते, आणि निरोप कोणत्या वारी येईल, तो आला नाही तर कोणाला फोन करायचा, हे स्वयंपाकघरातील कॅलेंडरवर लिहून जाते.

त्याच कॅलेंडरवर समुद्राचे वर्षही लिहिलेले असते. १ जून ते ३१ जुलै पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. समुद्र खवळलेला असतो आणि छोट्या बोटीने नमुने घेणे थांबते. हे दोन महिने प्रयोगशाळेचे, लिखाणाचे आणि आमच्या घरी भाताच्या रोप लावणीचे. मी रजा तेव्हा घेते. ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंतचा काळ मात्र माझ्या कामाचा ऐन हंगाम असतो, आणि नेमके तेव्हाच गणपती येतात.

हा हंगाम इतका महत्त्वाचा का, हे थोडे विस्ताराने सांगायला हवे, कारण त्याचे धागे आपल्याच डोंगरात आहेत. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात किनाऱ्यालगत खोलातील थंड, खतयुक्त पण प्राणवायू कमी असलेले पाणी वर सरकते. त्यावर पावसाच्या आणि मांडवी, झुआरीसारख्या नद्यांच्या गोड्या पाण्याचा हलका थर झाकणासारखा बसतो. मांडवी म्हणजे आपली म्हादई. भीमगडच्या जंगलात पडलेला पाऊस त्या झाकणात असतो. (आमच्या कौलांवरचे पाणी मात्र मलप्रभेला मिळते आणि कृष्णेतून बंगालच्या उपसागरात जाते.) वरच्या थरात सूक्ष्म वनस्पतींची भरघोस वाढ होते, त्या मरून तळाशी बसतात, जिवाणू त्यांचे विघटन करताना उरलेला प्राणवायूही वापरून टाकतात, आणि झाकणामुळे वरून नवा प्राणवायू पोहोचत नाही.

पाण्यातील प्राणवायू मोजण्याची विंकलर पद्धत १८८८ सालची आहे आणि आजही ती विश्वासाने वापरली जाते. निस्किन बाटलीतून (हव्या त्या खोलीवरचे पाणी बंद करून वर आणणाऱ्या नळकांड्यातून) नळीने पाणी काचेच्या छोट्या बाटलीत तळापासून भरायचे, एकही बुडबुडा न अडकता ते वरून ओसंडू द्यायचे, मग मँगनीज क्लोराइड आणि अल्कधर्मी आयोडाइडचे द्रावण सोडून बूच लावायचे आणि बाटली उलटसुलट हलवायची. पाण्यात प्राणवायू असेल तर गुळाच्या पाकासारखा तपकिरी साका धरतो. एका सप्टेंबरात, किनाऱ्यापासून फार लांब नसलेल्या ठिकाणी, तळाच्या पाण्याची बाटली हलवली आणि साका दह्यासारखा पांढराच राहिला. प्राणवायू जवळजवळ संपला होता. बाटलीला सडक्या अंड्यासारखा मंद वास येत होता.

तो वास माझ्या ओळखीचा होता. परड्याच्या सखल कोपऱ्यात मी एका वर्षी आले लावले होते. श्रावणात तिथे पाणी तुंबले, माती काळी पडली आणि कंद उपटले तेव्हा तोच वास आला. पाण्याने माती गच्च झाली की हवा आत जात नाही, जिवाणू आधी प्राणवायू, मग नायट्रेट आणि शेवटी सल्फेट वापरू लागतात, आणि त्यातूनच हा वास सुटतो. वाफ्यात आणि समुद्राच्या तळाशी क्रम हाच. विद्यार्थ्यांना हा विषय शिकवताना मी फळ्यावरील समीकरणाआधी त्या काळ्या मातीबद्दल सांगते, आणि आपल्या भागातील शेतकऱ्यांच्या मुलांना ते लगेच समजते. परडे सोडले असते तर माझे शास्त्रही थोडे उणे राहिले असते, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

परड्यात काय लावायचे, हे मी आता माझ्या गैरहजेरीचा विचार करून ठरवते. आले आणि हळद मे महिन्यात उंच गादीवाफ्यावर लावली, वर पालापाचोळ्याचे आच्छादन घातले, की पाऊस त्यांना वाढवतो आणि काढणी डिसेंबरनंतर, मी घरी असताना, होते. रताळ्याचे वेल पावसाळ्यात लावले की त्यांना रोज हात लावावा लागत नाही. आपल्या बेळगाव भागाची लाल माती त्यांना मानवतेही. सुरण, करांदे, अळू, शेवगा आणि कढीपत्ता यांचेही तसेच. टोमॅटो आणि पालेभाजी सासूबाईंच्या हाती सोपवली आहे, कारण त्या पिकांना रोज बघणारे माणूस लागते, आणि ते माणूस मी आहे असे मानणे सोडल्यावरच घरात शांतता आली. उन्हाळ्यात केळीच्या बुंध्याशी तळाला छिद्र पाडलेली, पाणी भरून ठेवलेली मडकी पुरलेली असतात. ती चार-पाच दिवसांतून एकदा भरली तरी पुरते.

घराची वाटणी मात्र इतक्या सहज झाली नाही. माझे यजमान बेळगावात शिक्षक आहेत. मुलगा दोन वर्षांचा असताना मी सलग दोन हंगाम जहाजावर गेले नाही. त्यामुळे माझा एक शोधनिबंध लांबला, आणि त्याचे मला वाईट वाटले हे लपवण्यात अर्थ नाही. पण त्या काळात मी अर्गो तरंगकांच्या नोंदींवर काम शिकले. ही उपकरणे साधारण एक हजार मीटर खोलीवर वाहत राहतात, दर दहा दिवसांनी दोन हजार मीटरपर्यंत जाऊन तापमान आणि क्षारता मोजत वर येतात आणि नोंदी उपग्रहाकडे पाठवतात. त्या सर्वांना विनामूल्य खुल्या असतात आणि भारतात हैदराबादची इन्कॉइस ही महासागरविषयक माहिती देणारी संस्था त्यांचे काम पाहते. बाळ झोपल्यावर गावच्या घरात बसून अरबी समुद्राची क्षारता अभ्यासता येते, हे मला कोणी आधी सांगितले असते तर ती दोन वर्षे इतकी जड गेली नसती. म्हणून शाखा निवडताना हे लक्षात ठेवावे की रसायन आणि जीवशास्त्राला ताजे पाणी आणि प्रयोगशाळा लागते, तर भौतिक समुद्रविज्ञानाचा मोठा भाग संगणकावर होतो. दोन्हींची थोडी थोडी सवय विद्यार्थिदशेतच करून घेतली तर पुढे अडचणीच्या वर्षी एकातून दुसऱ्यात जाता येते.

गणपतीचा तिढा आम्ही असा सोडवला आहे : जानेवारीत पुढील हंगामाचे बोटीचे दिवस ठरतात, तेव्हाच मी चतुर्थीचे दोन दिवस आणि विसर्जनाचा दिवस मागून घेते आणि त्या बदल्यात दिवाळीच्या आधीची, कोणाला नको असलेली फेरी स्वतःकडे घेते. सहकाऱ्यांनी आजवर कधी नाही म्हटलेले नाही, कारण मागणी आठ महिने आधी असते. पहिल्यांदा बोटीवर जाणाऱ्यांनी सोबत रुंद तोंडाचा डबा, दोन जादा सुती ओढण्या आणि घरच्या आल्याच्या वड्या न्याव्यात. पोटात ढवळू लागले की वडी चघळावी, आणि नजर बाटलीवर न ठेवता क्षितिजावर ठेवावी.