अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजात इंग्रजी शिकायचं तर

बारावीनंतर इंग्रजी साहित्य शिकायला अमेरिकेतल्या लिबरल आर्ट्स कॉलेजात, म्हणजे विविध विषय शिकवणाऱ्या छोट्या पदवी कॉलेजात, जायचं म्हटलं की घरातला पहिला प्रश्न ठरलेला असतो: पुढे काय? प्रश्न रास्त आहे. पदवीच्या नावात त्याचं उत्तर सापडत नाही. चार वर्षांत काय लिहिलं, ते कुणी किती बारकाईने तपासलं आणि अभ्यासाच्या जोडीने कोणतं काम केलं, यावर पुढची वाट ठरते. म्हणून आखणी पहिल्या सत्रापासूनच करायची.

पैशाचं गणित अर्ज भरण्याआधी मांडा. अ‍ॅम्हर्स्टसारखी मोजकी कॉलेजं परदेशी विद्यार्थ्यालाही ऐपत न बघता प्रवेश देतात आणि गरजेइतकी मदत करतात. बाकी बहुतेक ठिकाणी मदत मागितली की प्रवेशाची स्पर्धा कडक होते. तरीही लागणार असेल तर अर्जातच मागा. ‘आधी आत शिरू, मग बघू’ हा हिशेब हमखास फसतो, कारण पहिल्या वर्षी मदत न मागणाऱ्या परदेशी विद्यार्थ्याला अनेक कॉलेजं नंतर ती देतच नाहीत.

अ‍ॅम्हर्स्ट, विल्यम्स, स्वार्थमोर, ग्रिनेल, केन्यन ही सगळी छोटी, निवासी कॉलेजं. तिथे एम.ए. किंवा पीएच.डी.चे विद्यार्थी फारसे नसतात, त्यामुळे तुमचा निबंध प्राध्यापक स्वतः वाचतात. इतका खर्च करायचा तो यासाठीच. चार वर्षांत साधारण ३२ कोर्स होतात, त्यातले १० ते १२ इंग्रजीचे. मुख्य विषय दुसऱ्या वर्षाच्या अखेरीपर्यंत जाहीर करायचा असतो. पहिल्या वर्षी एक कवितेचा कोर्स घ्या आणि एक १८०० पूर्वीच्या साहित्याचा. या जुन्या काळाची अट बऱ्याच विभागांत असते. विद्यार्थी ती मागे ढकलत राहतात आणि शेवटच्या वर्षी प्रबंधासोबत ती अंगावर येते. एकाच सत्रात कादंबरीचे दोन कोर्स घेऊ नका. एकेका कोर्सचं वाचन आठवड्याला दीडशे-दोनशे पानांवर सहज जातं.

आपल्याकडून गेलेली मुलं अडखळतात ती निबंधात. बोर्डाच्या परीक्षेत कवीची माहिती, आशय, मध्यवर्ती कल्पना, रसग्रहण असं लिहिलं की गुण मिळतात. तिथे याच गोष्टींवर लाल शेरा येतो. पाच पानांचा निबंध म्हणजे दोन ओळींत दुप्पट अंतर ठेवून जेमतेम १४०० शब्द. तेवढ्यात एकच दावा मांडायचा, तोही कुणाला खोडता येईल असा.

अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनचीच कविता घेऊ. अ‍ॅम्हर्स्ट तिचं गाव, आणि कॉलेजच्या स्थापनेत तिच्या आजोबांचा हात होता. मृत्यू गाडी घेऊन तिला न्यायला येतो, ती तिची प्रसिद्ध कविता. ‘या कवितेत मृत्यूचं सौम्य चित्रण आहे’ हा दावा नाही. याला कोण नाही म्हणेल? आता ओळींपाशी थांबा. तिसऱ्या कडव्यात ती म्हणते की आम्ही मावळता सूर्य मागे टाकला. चौथ्याच्या सुरुवातीला लगेच स्वतःला दुरुस्त करते: खरं तर सूर्यच आम्हाला ओलांडून गेला. एका दुरुस्तीसरशी फिरणारी बाई थिजते. १८९० साली कविता पहिल्यांदा छापली तेव्हा हेच चौथं कडवं गाळलं होतं. मग दावा असा होतो: मृत्यू घडतो तो या दुरुस्तीत, आणि कडवं गाळल्याने पहिल्या वाचकांच्या हाती नुसता प्रवास उरला. यावर वाद घालता येतो, पुरावा ओळींत आहे, आणि पाच पानं भरायला कवयित्रीचं चरित्र लागत नाही.

पहिला खर्डा चार दिवस आधी तयार ठेवा आणि तो कॉलेजच्या लेखन केंद्रात, म्हणजे निबंध सुधारायला मदत मिळते तिथे, दाखवा. बहुतेकदा दावा तिसऱ्या पानावर सापडतो. तो उचलून पहिल्या पानावर आणायचा आणि मधलं बरंचसं खोडायचं. गाईडमधला किंवा नेटवरचा विचार उल्लेख न करता वापरला तर शिस्तभंगाची चौकशी होते. ‘माहीत नव्हतं’ ही सबब चालत नाही.

दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी विल्यम्सच्या ट्युटोरियलसारखं काही मिळत असेल तर सोडू नका. दोन विद्यार्थी, एक प्राध्यापक. एका आठवड्यात एकाने निबंध लिहायचा, दुसऱ्याने त्यावर टीका, पुढच्या आठवड्यात उलट. शिफारसपत्रात लिहिण्याजोगं तुमच्याबद्दल इथेच काहीतरी तयार होतं.

आता वाटा. वकिलीच्या तीन वर्षांच्या जेडी या पदवीला आधीच्या पदवीचा विषय कोणताही चालतो. एलसॅट ही प्रवेश परीक्षा आणि कॉलेजातले गुण बघतात. खासगी शाळा अध्यापन-परवान्याशिवायही शिक्षक घेतात, सरकारी शाळांना राज्याचा परवाना लागतो. प्रकाशन व्यवसाय मुख्यतः न्यूयॉर्कमध्ये आहे आणि सुरुवातीचा पगार तिथल्या भाड्याच्या मानाने तुटपुंजा. संस्थांसाठी निधीचे प्रस्ताव लिहिण्याचं काम मात्र बऱ्याच ठिकाणी मिळतं, आणि त्यात निबंधाची सवय थेट उपयोगी पडते. पीएच.डी. चांगल्या विद्यापीठात पाच-सहा वर्षं विद्यावेतनासह होते, पण त्यानंतरच्या कायम नोकऱ्या फार थोड्या आहेत, हे आधीच समजून जा. मराठी उत्तम असेल तर अनुवादाचा विचार जरूर करा. शेवटच्या वर्षाचा प्रबंध मराठीतून इंग्रजी अनुवादाचा करता येईल का, हे विभागात विचारा. आयोवा विद्यापीठात साहित्यिक अनुवादाची स्वतंत्र एमएफए ही पदव्युत्तर पदवी आहे.

कॅम्पसवरचं काम सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत करता येतं. ते शक्यतो लेखन केंद्रात किंवा कॉलेजच्या नियतकालिकात मिळवा.

व्हिसाकडे बहुतेकांचं लक्ष फार उशिरा जातं. सध्याच्या नियमांनुसार पदवीनंतर ओपीटीवर, म्हणजे शिकलेल्या विषयात काम करण्याच्या तात्पुरत्या परवानगीवर, १२ महिने काम करता येतं. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या पदवीला मिळणारी २४ महिन्यांची वाढ इंग्रजीला नाही. संगणकशास्त्र किंवा संख्याशास्त्र दुसरा मुख्य विषय असेल तर ती मिळू शकते, पण नोकरी त्याच विषयाशी निगडित हवी. ओपीटी सुरू झाल्यावर एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. ओपीटीचा अर्ज शिक्षणक्रम संपण्याच्या ९० दिवस आधीपासून करता येतो. म्हणजे मेअखेर पदवी असेल तर फेब्रुवारी संपताना आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात कागद घेऊन हजर व्हा.