गर्भपाताचा खर्च, विमा आणि सरकारी योजना : या चुका टाळा

रुग्णालयाच्या विमा डेस्कवर बसलं की दोन वाक्यं रोज कानावर पडतात. एक, "पॉलिसी आहे ना, मग सगळं बसतंच." दुसरं, हळू आवाजातलं, "असल्या गोष्टीला कुठला विमा मिळायला!" दोन्ही बोलणाऱ्यांनी पॉलिसीचा कागद उघडलेला नसतो. पहिला घाईत असतो, दुसरी घाबरलेली असते. घाबरलेल्यांबद्दल मला काही म्हणायचं नाही. घाईवाल्यांबद्दल मात्र बरंच म्हणायचं आहे.

आधी एक गोष्ट पक्की करा. आपला गर्भपाताचा कायदा १९७१ चा, लागू झाला एप्रिल १९७२ पासून. महाराष्ट्राचे मंत्री शांतिलाल शाह यांच्या समितीच्या अहवालावरून तो आला. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं. २० ते २४ आठवड्यांत, ठरावीक गटातल्या स्त्रियांसाठी, दोन डॉक्टरांचं लागतं. त्यापुढे गर्भात गंभीर व्यंग असेल तर मेडिकल बोर्ड. गर्भपात कोणी करायचा, कुठे, कधीपर्यंत, संमती कोणाची, हे सगळं त्यात आहे. पैसे कोणी भरायचे याबद्दल एक ओळ नाही. ते शोधायला सरकारी रुग्णालयांचे नियम, विम्याची कलमं आणि नोकरीचे कायदे असे तीन वेगळे कागद बघावे लागतात. बहुतेक चुका हे तीन कागद एकात एक मिसळल्यामुळे होतात.

चूक पहिली : "कायदेशीर आहे, म्हणजे क्लेम मिळणारच"

नाही मिळणार, निदान साध्या मेडिक्लेममध्ये तरी. विमा नियामकाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातल्या अपवादांची भाषा सगळ्या कंपन्यांसाठी सारखी केली आणि प्रत्येक अपवादाला क्रमांक दिला. आपल्या कामाचा क्रमांक १८, मॅटर्निटी. त्यात दोन भाग आहेत. पहिल्यात बाळंतपणाचा खर्च, अवघड बाळंतपण आणि सिझेरियनसकट, वगळलेला आहे. पण एक्टोपिक प्रेग्नन्सी, म्हणजे गर्भाशयाबाहेर, बहुतेक वेळा नळीत राहिलेला गर्भ, या वगळण्यातून बाहेर ठेवला आहे. दुसऱ्या भागात आपोआप झालेला गर्भपात, अपघातामुळे झाला नसेल तर, आणि कायदेशीररीत्या केलेला गर्भपात, हे दोन्ही वगळलेले आहेत. "लॉफुल" असा शब्द तिथे छापलेला आहे. म्हणजे कायद्यात बसतं म्हणून विम्यात बसतं हा युक्तिवाद करायला जाल, तर कंपनी तोच शब्द दाखवून परत पाठवेल.

आता याची दुसरी बाजू, जी कोणीच वाचत नाही. पॉलिसीला मॅटर्निटी कव्हर जोडलेलं असेल, तर नियामकाच्या प्रमाण व्याख्येत मॅटर्निटीच्या खर्चात बाळंतपणाबरोबर कायदेशीर गर्भपातही मोजला आहे. बाळंतपणासाठी घेतलेलं कव्हर यालाही लागू पडू शकतं हे ऐकून लोकांचे चेहरे बघण्यासारखे होतात. अर्थात वेटिंग पिरियड, म्हणजे कव्हर घेतल्यावर क्लेम करण्याआधी थांबायचा काळ, पुरा झालेला हवा. कुठे तो नऊ महिने असतो, कुठे दोन ते चार वर्षं. वर सब-लिमिट असते, म्हणजे या खर्चापुरती वेगळी मर्यादा. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीत वेटिंग बऱ्याचदा माफ असतं, म्हणून तिथे आधी बघा.

या कलमावरून झालेला एक प्रकार सांगते. एका बाईला रात्री पोटात असह्य दुखतंय म्हणून आणलं. गर्भ नळीत राहिला होता, नळी फुटून पोटात रक्त साठलं होतं. लगेच ऑपरेशन झालं, जीव वाचला. कॅशलेस मात्र नाकारलं गेलं, कारण "मॅटर्निटी एक्सक्लूजन". नवऱ्याने निमूट बिल भरलं आणि फाईल कपाटात टाकली. पुढे ती दोघं तपासणीला आली तेव्हा सहज विषय निघाला. मी म्हटलं, नकाराचं पत्र घेऊन या. पत्रात कलम १८ च दिलं होतं, म्हणजे ज्या कलमात एक्टोपिकला सूट आहे तेच. मग डिस्चार्ज समरी काढली. निदानाच्या ओळीत रात्रपाळीच्या ज्युनिअरने सुरुवातीलाच "टर्मिनेशन ऑफ प्रेग्नन्सी", म्हणजे गर्भपात, असं लिहून ठेवलं होतं. नळी, रक्तस्राव, पोट उघडल्याचं वगैरे सगळं पुढे, बारीक अक्षरात. क्लेम तपासणाऱ्याने पहिले तीन शब्द वाचले आणि शिक्का मारला. नवऱ्याने पत्रातला नकार वाचला, कारण वाचलं नाही. आमच्याकडच्या त्या रात्रीच्या मुलाने तर दोन्ही वाचलं नव्हतं.

ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांनी समरी तारीख-सहीनिशी दुरुस्त करून दिली. सोबत सोनोग्राफी, ऑपरेशन नोट्स आणि काढलेल्या नळीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट लावला. एका पानाचं पत्र लिहिलं, त्यात कलमातली सुटीची ओळ जशीच्या तशी उतरवली. पैसे मिळाले. वकील लागला नाही, ओळख लागली नाही. लागलं ते फक्त वाचन.

तेव्हापासून डिस्चार्जच्या आधी निदानाची ओळ मी स्वतः वाचते, नातेवाइकांनाही मोठ्याने वाचायला लावते. इंग्रजी येत नसेल तर विचारा, लाजू नका. गर्भाची वाढ थांबल्यामुळे पिशवी साफ केली, की चालू गर्भ काढला, की नळीतला गर्भ होता, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि कागदावर वेगळ्याच दिसायला हव्यात. पहिल्या दोन्ही साध्या पॉलिसीत अडकतात, तिसरी सुटते.

चूक दुसरी : "डॉक्टर, दुसरं काहीतरी लिहून द्या ना"

वरची गोष्ट वाचून कोणाच्या तरी डोक्यात हे येणारच, म्हणून लगेच लिहिते. चुकीचं लिहिलेलं खरं करून घेणं म्हणजे दुरुस्ती. खऱ्याचं खोटं करून घेणं म्हणजे फसवणूक. "पाळीचा त्रास होता म्हणून क्युरेटिंग (पिशवी साफ) केलं असं लिहा, तेवढाच क्लेम बसेल," असं सांगणारे भेटतात, आणि बोलतात असं की जणू डोक्यात फार मोठी युक्ती आली आहे. कंपनी इनडोअर पेपर, म्हणजे दाखल असतानाचे सगळे कागद, मागते. त्यात सोनोग्राफी असते, लघवीची तपासणी असते, नर्सने तासातासाने लिहिलेल्या नोंदी असतात. समरी एक सांगते आणि केसपेपर दुसरं. क्लेम तर जातोच, पॉलिसीही रद्द होऊ शकते. पाच वर्षं सलग हप्ते भरल्यावर कंपनीला जुन्या माहितीवरून खुसपट काढता येत नाही, हे संरक्षणही सिद्ध झालेल्या फसवणुकीला मिळत नाही. मग उद्या घरात कोणाला हृदयाचा झटका आला की हात रिकामे.

शिवाय डॉक्टरलाही तुम्ही खड्ड्यात घालता. कायद्याप्रमाणे गर्भपाताच्या प्रत्येक केसला डॉक्टरचं लेखी मत, फॉर्म सी वरची स्त्रीची संमती आणि रजिस्टरमधली नोंद लागते. दर महिन्याला आकडे सरकारकडे पाठवावे लागतात. जो डॉक्टर हे सगळं गाळायला तयार होतो, तो ऑपरेशन टेबलावर काय काय गाळत असेल याचा विचार करा. शॉर्टकटवाल्या दवाखान्यात मी माझ्या माणसाला टाके काढायलाही नेणार नाही.

चूक तिसरी : मान्यता नसलेली जागा

सरकारी रुग्णालयाला गर्भपातासाठी वेगळी मान्यता लागत नाही, खासगीला लागते. ते प्रमाणपत्र बघा. कारण मॅटर्निटी कव्हर असलं तरी ते कायदेशीर गर्भपाताला आहे, आणि मान्यता नसलेल्या जागी केलेला गर्भपात त्यात कसा बसणार?

चूक चौथी : मेडिकलमधून परस्पर गोळ्या

गोळ्या नऊ आठवड्यांपर्यंत, डॉक्टरच्या देखरेखीत आणि चिठ्ठीवरच घ्यायच्या असतात. पैशाच्या बाजूने बघा : दाखल होणं नाही, त्यामुळे हा ओपीडीचा खर्च, साध्या पॉलिसीत ओपीडी नसते. आणि चिठ्ठी नसेल तर पुरावा नाही, पुरावा नसेल तर पुढे सांगते ती रजाही नाही. रक्तस्राव थांबत नाही म्हणून मग दाखल व्हायची वेळ आली, तर निदान डॉक्टरांना खरं सांगा. क्लेमसाठी त्यांच्यापासून लपवू नका.

चूक पाचवी : "सरकारी म्हणजे सगळीकडे फुकट", आणि उलटं

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत, केसपेपरसकट उपचार मोफत आहेत. महापालिकेची रुग्णालयं आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं या निर्णयात येत नाहीत, तिथे त्यांचे दर. लोक मोठं नाव बघून मेडिकल कॉलेजला जातात आणि "सरकारने फसवलं" म्हणतात. फोन करून जा. प्रशिक्षित डॉक्टर त्या दिवशी आहेत का, हेही विचारा. प्रत्येक केंद्रात ही सोय असतेच असं नाही.

जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाचं नाव इथे पुढे करू नका. ती योजना मुख्यतः बाळंतपणासाठी आणि तान्ह्या बाळासाठी आहे. आयुष्मान कार्ड किंवा महात्मा फुले योजनेचं म्हणाल, तर "पाच लाखांचं कव्हर" हा आकडा पाठ असतो, पण योजना चालते ठरावीक उपचारांच्या यादीवर. दाखल होण्याआधी आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयात बसणाऱ्या योजनेच्या माणसाला, केसपेपर दाखवून पॅकेज आहे का ते विचारा. बिल भरून मागाहून कार्ड काढणाऱ्यांना काय सांगायचं, मला अजून कळलेलं नाही.

आणि सरकारी ठिकाणी कोणी म्हणालं की आधी नसबंदीला किंवा तांबीला हो म्हणा, मग करतो, तर ती अट कायद्यात नाही. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गर्भनिरोधक नाकारलं म्हणून गर्भपात नाकारता येत नाही. शांतपणे वरिष्ठांकडे जा.

चूक सहावी : नवऱ्याची सही शोधत आठवडे घालवणं

१८ पूर्ण असेल तर संमती फक्त तिची. लग्न झालेलं असो वा नसो. अविवाहितेलाही २४ आठवड्यांपर्यंतच्या तरतुदीतून वगळता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २०२२ ला स्पष्ट केलं. आठवडे वाढतात तसा खर्च वाढतो, धोका वाढतो, आणि "या महिन्याचा पगार झाला की बघू" म्हणणाऱ्यांचा हिशेब उलटा पडतो.

विम्याचं मात्र वेगळं आहे, आणि हे कोणी आधी सांगत नाही. डॉक्टरवर गोपनीयतेचं बंधन आहे. स्त्रीचं नाव फोडलं तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण पॉलिसी वडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावावर असेल, तर क्लेमचा मेसेज त्यांच्या मोबाइलवर जातो. ऑफिसची पॉलिसी असेल तर पत्रव्यवहारात एचआर असू शकतं. म्हणून डेस्कवर कार्ड देण्याआधी ठरवा. काही जणींना मी स्वतः सांगितलं आहे की क्लेम करू नका, जिल्हा रुग्णालयात जा. क्लेम मिळवून देणं हे माझं काम आहे, तरीही.

चूक सातवी : रजा न मागणं

गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात होती, आता सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. आपोआप झालेला आणि करवून घेतलेला, दोन्हींना. त्यातून आजारपण आलं तर आणखी एक महिन्यापर्यंत. ईएसआयमधल्या, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेतल्या, कामगार स्त्रीलाही सहा आठवडे. केंद्र सरकारी नोकरीत संपूर्ण सेवेत मिळून ४५ दिवस. तरी बायका दोन दिवस सिक लीव्ह टाकून तिसऱ्या दिवशी लोकलला लटकतात. प्रमाणपत्र डिस्चार्जच्या दिवशीच मागून घ्या. महिन्याने आलात तर डॉक्टर रजेवर असतात.

दोन छोट्या. अमेरिकेच्या बातम्या वाचून "सरकारी पैशातून गर्भपाताला बंदी आहे" असं ठोकून देऊ नका. ती हाइड दुरुस्ती, १९७६ पासून त्यांच्या केंद्राच्या खर्चाच्या विधेयकाला दरवर्षी जोडली जाणारी. आपल्याकडे तसा कायदा नाही. आणि बलात्कारपीडितेला कोणत्याही रुग्णालयाने, खासगीनेसुद्धा, प्राथमिक आणि वैद्यकीय उपचार तात्काळ आणि मोफत द्यायचे आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३९७. तिथे डिपॉझिट मागणाऱ्याला हा क्रमांक लिहून दाखवा.

क्लेम नाकारला तर

आधी कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी. फोनवर भांडून काही होत नाही, नोंद राहत नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपाल, म्हणजे विम्याच्या तक्रारी ऐकणारा अधिकारी. मुंबईत आणि पुण्यात कार्यालय आहे, फी नाही, वकील चालत नाही. कंपनीच्या शेवटच्या नकारापासून वर्षाच्या आत जायचं. तक्रार एका पानाची ठेवा : तारीख, निदान, त्यांनी दिलेलं कलम, आणि त्या कलमातली तुमच्या बाजूची ओळ. तुमच्या बाजूची ओळ सापडत नसेल, तर आधी पॉलिसी पुन्हा वाचा. तरीही सापडली नाही तर लोकपालाचा वेळ घेऊ नका.