फॅमिली पेन्शन अडकते ती इथे: फौजीच्या घरात या चुका टाळा

सुभेदार म्हणून पेन्शनवर आलो त्याला बारा वर्षं झाली. फौजेत सगळी नोकरी क्लार्कची, त्यातली शेवटची काही वर्षं रेकॉर्ड ऑफिसात, म्हणजे जवानांच्या नोंदी जिथं राहतात तिथं, पार्ट टू ऑर्डर (लग्न, मुलं अशा घरच्या नोंदींचा फौजी हुकूम) आणि पेन्शनच्या केसेस करण्यात गेली. आमच्या सातारा जिल्ह्यात घराआड एक फौजी, त्यामुळे गावी आल्यावरही कागद सुटले नाहीत. महिन्यातून दोन-तीन वहिनी नाहीतर मावश्या ओसरीवर येतात. हातात पिशवी, पिशवीत नवऱ्याचं डिस्चार्ज बुक, मृत्यूचा दाखला, चुरगळलेल्या झेरॉक्स. पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "साहेब, पेन्शन अडकलीय."

अडकलेली जागाही ठरलेली असते. त्याच चार-पाच चुका, आणि त्यातल्या बहुतेक नवरा हयात असताना त्याच्या एका अर्जानं सुटल्या असत्या. म्हणून हे लिहितोय.

तांदळात लिहिलेलं नाव

ही चूक मी सगळ्यात जास्त पाहिली आहे. आपल्याकडे लग्नात ताटात तांदूळ पसरून अंगठीनं सुनेचं नवं नाव लिहितात. माहेरचं नाव गेलं, सासरचं आलं. गावाला, रेशन कार्डाला, मतदार यादीला नवंच नाव माहीत. पण जवान रजा संपवून युनिटला गेला आणि त्यानं क्लार्कला लग्नाची नोंद करायला सांगितली, तेव्हा तोंडात आलं ते साखरपुड्यातलं नाव. पार्ट टू ऑर्डर त्या नावानं निघाली, पुढं पीपीओवर, म्हणजे पेन्शन पेमेंट ऑर्डरवर, तेच उतरलं. पेन्शन नवऱ्याच्या नावावर येत असते तोवर या फरकाकडं कुणाचंच लक्ष जात नाही. तो गेला की मग कळतं, ज्या बाईला पेन्शन द्यायची ती फौजेच्या लेखी दुसरीच कुणीतरी आहे.

माण तालुक्यातल्या एका वहिनींची केस सांगतो. नवरा मराठा लाइट इन्फंट्रीतला हवालदार, पेन्शनवर घरी आल्यावर हार्ट ॲटॅकनं गेला. पीपीओवर वहिनींचं माहेरचं नाव, बाकी सगळीकडं सासरचं. जन्मतारीखही वेगळी. स्पर्श पोर्टलवर, म्हणजे फौजी पेन्शनच्या सरकारी वेबसाइटवर, निधनाची नोंद केली, ती नाव जुळत नाही म्हणून परत आली. इथपर्यंत काहीच बिघडलं नव्हतं. पण घरात एक पुतण्या होता, शिकलेला, घाई झालेला. त्यानं ठरवलं, कशाला रेकॉर्ड ऑफिसला पत्रं लिहायची, आधारच बदलून टाकू. दोन-चार फेऱ्यांत आधारवर माहेरचं नाव आणि पीपीओवरची जन्मतारीख आली. पोरगा खूश.

मग बँकेनं केवायसी मागितली. खातं सासरच्या नावानं, पॅन सासरच्या नावानं, मृत्यूच्या दाखल्यावर पत्नीचं नाव सासरचं, आणि आधार आता तिसऱ्याच वाटेवर. खात्याचे व्यवहार थांबले. पुतण्यानं आधारवरचं नाव पुन्हा फिरवलं. आता हे नीट लक्षात घ्या: आधारवर नाव दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. त्यानं नावाच्या दोन्ही संधी संपवल्या, तारखेची एकमेव संधीही संपवली, आणि मग वहिनी माझ्याकडं आल्या. तोवर घरातल्या दोन म्हशींपैकी एक विकली होती.

आम्ही काय केलं? ओसरीवर सतरंजी टाकली आणि सगळे मूळ कागद एका रांगेत मांडले. पीपीओ, डिस्चार्ज बुक, आधार, पॅन, पासबुक, रेशन कार्ड, मृत्यूचा दाखला, शाळेचा दाखला. वहीच्या आडव्या पानावर प्रत्येक कागदावरचं नाव इंग्रजीत जसंच्या तसं, अक्षर न् अक्षर, आणि समोर जन्मतारीख. ही माझी पद्धत आहे. हे पान तयार झाल्याशिवाय मी एकही अर्ज लिहू देत नाही, कुणी कितीही घाई करो. पान भरलं की दिसतं, जास्त कागद कुठल्या बाजूला आहेत. थोड्या कागदांनी जास्त कागदांकडं यायचं. वहिनींचं नाव बाकी सगळीकडं सासरचं होतं, म्हणून नाव फौजेच्या रेकॉर्डमध्ये बदलायचं ठरलं. जन्मतारीख मात्र आधार आणि पीपीओ आता जुळत होती, तिला हात लावला नाही, पॅनवरची तेवढी बदलून घेतली. दोन्ही नावांची बाई एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र, नावबदलाचं महाराष्ट्र शासनाचं गॅझेट, सोबत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचं पत्र, असा संच बेळगावला रेकॉर्ड ऑफिसला पाठवला. तिथून नवी पार्ट टू ऑर्डर, मग कॉरिजेंडम, म्हणजे दुरुस्तीचा, पीपीओ. सगळं मिळून चौदा महिने गेले. पैसे बुडाले नाहीत, फॅमिली पेन्शन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून धरतात आणि थकबाकी एकरकमी येते. पण चौदा महिने त्या घरानं कसे काढले ते मी पाहिलंय.

फरक एखाद्या अक्षराचा असेल, एका ठिकाणी शेवटी आय आणि दुसऱ्या ठिकाणी डबल ई, तर बऱ्याचदा प्रतिज्ञापत्रावर भागतं. अख्खं नावच वेगळं असेल तर गॅझेट करून घ्या, त्यात कंजुषी नको.

जन्मतारखेचं काय एवढं, असं बायका विचारतात. ८० वर्षं पूर्ण झाली की मूळ फॅमिली पेन्शनमध्ये २० टक्के वाढ मिळते, ८५ ला ३०, ९० ला ४०, ९५ ला ५०, आणि शंभरीला १०० टक्के. जुन्या रेकॉर्डमध्ये बायकोची तारीख चुकीची किंवा नुसतंच साल असेल, तर ही वाढ अडते किंवा उशिरा लागते. वयाची ऐंशी उलटल्यावर आजीला शाळेचा दाखला शोधायला लावण्यात काय अर्थ आहे?

"चालू हाय तवर काढा"

दुसरी चूक, आणि ही मला मनापासून लागते, कारण ती करणारी बाई लबाड नसते. नवरा गेला, दिवस झाले, पाहुणे परतले. महिन्याच्या शेवटी खात्यात पेन्शन जमा झाली. घरातला कुणीतरी शहाणा म्हणतो, चालू हाय तवर काढा, नोव्हेंबरपर्यंत कोण विचारतंय. एटीएम कार्ड मुलाकडं, पिन पाठ.

कोरेगावकडच्या एका मावशींनी असे पाच महिने पैसे काढले. नोव्हेंबरात हयातीचा दाखला गेला नाही, पेन्शन थांबली, मग खरी तारीख बाहेर आली. नवऱ्याची पेन्शन त्याच्या मृत्यूच्या दिवसापर्यंतच असते. पुढची प्रत्येक जमा सरकारची, ती परत जाते. मावशींची रक्कम त्यांच्याच थकबाकीतून वळती झाली. त्यांना वाटत होतं थकबाकीचा मोठा आकडा येईल, त्यावर मुलीच्या दवाखान्याची उधारी फेडायचं कबूल करून बसल्या होत्या. हातात फारच थोडं आलं. मला म्हणाल्या, "मी चोरी केली का हो?" काय उत्तर देणार? त्यांचेच पैसे होते, फक्त वेगळ्या नावानं आणि वेगळ्या दरानं येणारे. पहिल्याच आठवड्यात कळवलं असतं तर ते सरळ आले असते.

तेव्हा दिवसकार्य उरकलं की पहिलं काम निधन कळवण्याचं. स्पर्शवर स्वतः जमत नसेल तर कॉमन सर्व्हिस सेंटरमधून किंवा बँकेतल्या स्पर्श सेवा केंद्रातून. एटीएम कार्ड कपाटात. नवरा-बायकोचं खातं 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' (दोघांपैकी कुणीही किंवा मागं राहील तो) असेल आणि पीपीओवर पत्नीचं नाव असेल, तर नवं खातं काढायची गरज नाही. काउंटरवरचा माणूस नवं काढा म्हणाला तर नम्रपणे मॅनेजरला भेटा.

"पेन्शन अर्धी कशी झाली?"

कारण दर वेगळे आहेत, ते आधीच समजून घ्या. जवानाचा शेवटचा पगार ४०,००० धरला, तर त्याची पेन्शन निम्मी, २०,०००. पेन्शनवर आल्यानंतर तो गेला तर पत्नीला काही काळ वाढीव दर, ५० टक्के, म्हणजे तेच २०,०००. हा काळ मृत्यूपासून सात वर्षं किंवा तो ६७ वर्षांचा झाला असता ती तारीख, यातलं जे आधी येईल ते. त्यानंतर साधा दर, ३० टक्के, १२,०००. नवरा सत्तरीत गेला तर पहिल्या दिवसापासून साधाच दर. यावर डीए वेगळा, आणि मूळ फॅमिली पेन्शन ९,००० च्या खाली जात नाही. नोकरीत असताना जवान गेला तर वाढीव दर दहा वर्षं. हे आकडे माहीत नसले की बाई बँकेवर संशय घेते, नाहीतर "मी पूर्ववत करून देतो" म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देते. आणि खरंच कमी मिळत असेल तेव्हा, विशेषतः ओआरओपीच्या, म्हणजे 'वन रँक वन पेन्शन'च्या, सुधारणेनंतर, तिला ते ओळखूही येत नाही.

नोकरीतला मृत्यू आणि कपाटात ठेवलेलं पत्र

जवान नोकरीत असताना गेला तर कागद युनिट आणि रेकॉर्ड ऑफिस सुरू करतं, पत्नीला फॉर्म भरून, सह्या करून पाठवायचे असतात. इथं प्रश्न मृत्यू कशामुळे झाला याचा. फौजेच्या सेवेमुळे झाला किंवा सेवेमुळे आजार बळावला असं मान्य झालं तर स्पेशल फॅमिली पेन्शन, ६० टक्के. लढाईत किंवा ऑपरेशनमध्ये वीरमरण आलं तर लिबरलाइज्ड, १०० टक्के. नाहीतर ऑर्डिनरी, म्हणजे वर जिचे दर सांगितले तीच. आपला क्लेम "ॲट्रिब्युटेबल नाही", म्हणजे मृत्यू सेवेमुळे नाही, म्हणून फेटाळल्याचं इंग्रजी पत्र येतं आणि घरातले ते घडी घालून ठेवून देतात, कारण ऑर्डिनरी तर सुरू झालेली असते. ते पत्र ठेवून द्यायचं नसतं. त्यावर अपील असतं, त्याला मुदत असते, आणि तिथंही नाही झालं तर आर्म्ड फोर्सेस ट्रायब्युनल आहे, त्याचं खंडपीठ मुंबईत आहे. पत्र आलं त्याच आठवड्यात ते वाचता येणाऱ्या माणसाकडं न्या. रजेवर असताना अपघात झाला असेल तर एफआयआर, पंचनामा आणि पोस्टमॉर्टेमच्या प्रती पहिल्या महिन्यातच गोळा करा. नंतर पोलीस ठाण्यात त्या शोधायला कुणाला वेळ नसतो.

आणि कोऱ्या कागदावर सही करू नका. दीर सांगो, सासरे सांगोत, एजंट सांगो, स्टॅम्प पेपर असो वा साधा कागद. एकवीस-बावीस वर्षांच्या मुली माझ्यासमोर रडत बसल्यात, आपण कशावर सही केली हे सांगता येत नाही म्हणून.

लहान दिसणाऱ्या चुका

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत करा. दाखल्यावर नाव डिस्चार्ज बुकात आहे तसंच द्या. गावात त्याला बापू म्हणत असतील, दाखल्यावर बापू नको.

नॉमिनी म्हणजे पेन्शनचा वारस नव्हे. नॉमिनेशन नवऱ्याच्या स्वतःच्या पेन्शनच्या थकबाकीसाठी असतं. फॅमिली पेन्शन नियमानं आधी पत्नीची. भावाचं नाव नॉमिनी म्हणून लागलंय म्हणून घाबरू नका.

आर्मी ग्रुप इन्शुरन्सचा क्लेम वेगळा असतो, तो पेन्शनच्या अर्जात आपोआप येत नाही.

डिस्चार्ज बुक लॅमिनेट करू नका. आणि देव्हाऱ्यामागं ठेवू नका, वाळवी लागते.

हयातीचा दाखला आता मावशींच्या स्वतःच्या नावानं दर नोव्हेंबरात. पहिल्या वर्षी सगळे आठवणीनं करतात, दुसऱ्या वर्षी विसरतात आणि डिसेंबरात ओसरीवर येतात.

मोबाईल नंबर बाईचा स्वतःचा द्या. पुण्यातल्या मुलाचा दिला की ओटीपी त्याच्याकडं, तो कामावर, आणि ही सेंटरवर तासन् तास बसून. आणि "स्पर्शमधून बोलतोय, पेन्शन थांबेल, ओटीपी सांगा" असा फोन आला तर काही न बोलता ठेवून द्या.

टक्केवारीवर काम करणाऱ्याला पाय धुवूही देऊ नका. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात कल्याण संघटक बसतात, ते अर्ज भरून देतात, त्याचे पैसे लागत नाहीत. रांग लागते, एखादा हेलपाटा पडतो. पडू दे.

जे अजून हयात आहेत त्यांना

भावांनो, आज पीपीओ काढा आणि बायकोच्या नावाची ओळ तिच्या आधारसमोर धरून वाचा. चूक असेल तर आपल्या रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करा, तुमच्या सहीचं वजन वेगळं असतं. पेन्शनवर आल्यानंतर लग्न झालं असेल किंवा नावच नसेल तर जॉइंट नोटिफिकेशन, म्हणजे पीपीओवर पत्नीच्या नावाची नोंद, करून घ्या. मुलांची नावं, विशेषतः एखादं मूल अपंग असेल तर त्याचं नाव, रेकॉर्डला लागलंय का बघा. त्याला तुमच्या दोघांच्या मागं आयुष्यभर पेन्शन मिळू शकते.

मग एका वहीत आर्मी नंबर, पीपीओ नंबर, खाते क्रमांक आणि रेकॉर्ड ऑफिसचा पत्ता मोठ्या अक्षरांत लिहा, मागच्या पानांवर पाठवलेल्या प्रत्येक कागदाची तारीख आणि पोस्टाची पावती चिकटवा. वही कुठं ठेवली ते मुलाला नंतर सांगा, बायकोला आधी.