निवृत्तीनंतर गाव बदलताय? या चुका टाळा

मुंबई-ठाण्यातला फ्लॅट विकायचा, कोकणात, नाशकात, वाईत किंवा गोव्यात टुमदार घर घ्यायचं आणि उरलेल्या रकमेच्या व्याजावर निवांत राहायचं. हा हिशोब कागदावर छान जमतो. तो बिघडतो बहुतेक वेळा तीन ठिकाणी: फ्लॅट विकताना लागणारा कर, पावसाळा आणि पंच्याहत्तरीनंतरची तब्येत. तिन्हींची चाचपणी घर घेण्याआधी करता येते. घेतल्यावर मात्र दुरुस्ती महाग पडते.

कर वाचेल म्हणून राज्य बदलणं

अमेरिकेत राहणाऱ्या नातेवाइकांकडून ऐकलेलं असतं, की फ्लोरिडा किंवा टेक्ससमध्ये राज्याचा आयकर नाही म्हणून निवृत्त लोक तिकडे जातात. आपल्याकडे हे गणित लागू नाही. पेन्शन, व्याज, भाडं यांवरचा आयकर केंद्राचा आहे. तो पणजीत, पुण्यात आणि परभणीत सारखाच. गाव बदलल्याने बदलतात त्या घरपट्टी, पाणीपट्टी आणि घर घेताना एकदाच भरायचं मुद्रांक शुल्क. हे शुल्क मुंबईत ६ टक्के आणि पुण्यात ७ टक्के आहे. घर स्त्रीच्या नावे घेतलं तर महाराष्ट्रात १ टक्का सवलत मिळते, म्हणजे ८० लाखांच्या घरात ८० हजार रुपये. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर जात नाही.

खरा मोठा कर लागतो तो जुनं घर विकताना, आणि तिथेच तयारी सगळ्यात कमी असते.

भांडवली नफ्याचा हिशोब विक्रीनंतर करणं

२३ जुलै २०२४ पासून घराच्या दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर लागतो आणि त्यात महागाईची वजावट मिळत नाही. मात्र त्या तारखेआधी घेतलेल्या घरासाठी, भारतात निवासी असलेल्या व्यक्तीला दुसरा पर्यायही आहे: खरेदीची किंमत महागाई निर्देशांकाने वाढवून उरलेल्या नफ्यावर २० टक्के. दोन्ही आकडे काढून कमी असेल तो भरायचा. 'जुनं घर म्हणजे निर्देशांकच फायद्याचा' हा समज इथे फसवतो.

दोन उदाहरणं पाहा. दोन्ही घरं २०२५-२६ मध्ये १ कोटी ६० लाखांना विकली, अधिभार आणि उपकर सोडून देऊ. पहिलं २००१ च्या आधीचं आहे. अशा घरासाठी १ एप्रिल २००१ ची बाजारभावाची किंमत धरता येते, पण ती त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त नको. ती १२ लाख निघाली असं समजा. २००१-०२ चा निर्देशांक १०० आणि २०२५-२६ चा ३७६ असल्याने वाढीव किंमत ४५.१२ लाख, नफा ११४.८८ लाख आणि २० टक्क्यांनी कर सुमारे २२.९८ लाख. १२.५ टक्क्यांनी मात्र १८.५ लाख. दुसरं घर २०११-१२ मध्ये ८० लाखांना घेतलेलं, तेव्हाचा निर्देशांक १८४. वाढीव किंमत १६३.४८ लाख झाली, म्हणजे करच नाही. तेच १२.५ टक्क्यांनी १० लाख. २००१ चं मूल्य नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून विक्रीच्या आधीच काढून ठेवा.

आणखी एक घात इथेच होतो. नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंत कर नाही हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण ती सूट भांडवली नफ्यावरच्या करातून मिळत नाही. पेन्शन वर्षाला सहा लाख असली तरी फ्लॅटच्या नफ्यावरचा कर भरावाच लागतो.

नफा नव्या घरात गुंतवला तर सूट मिळते. जुन्या कायद्यात हे कलम ५४. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू झाल्याने कलमाचा क्रमांक बदलला आहे, म्हणून सनदी लेखापालाशी बोलताना क्रमांकापेक्षा तरतूद सांगा. घर विक्रीच्या आधी १ वर्षात किंवा नंतर २ वर्षांत घ्यायचं, बांधायचं असेल तर ३ वर्षांत पूर्ण करायचं. चुका होतात त्या अशा:

- नुसता प्लॉट घेऊन ठेवणं. सूट घरासाठी आहे. बिनशेती परवानगी, बांधकाम परवाना, गवंडी, पावसाचे चार महिने यांत ३ वर्षं कशी जातात ते कळत नाही.
- पैसे साध्या मुदत ठेवीत टाकणं. विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर झालं नसेल, तर न वापरलेली रक्कम त्या तारखेआधी बँकेतल्या 'भांडवली नफा खात्यात'च असायला हवी. मुदत बहुतेक निवृत्तांसाठी ३१ जुलै असते. हे खातं सगळ्या शाखांत उघडत नाही, महिनाभर आधी चौकशी करा.
- नवं घर ३ वर्षांच्या आत विकणं. मग घेतलेली सूट परत हिशोबात येते.
- सहा महिन्यांची खिडकी चुकवणं. ५० लाखांपर्यंतचा नफा आरईसी, पीएफसी किंवा आयआरएफसी या सरकारी कंपन्यांच्या ५ वर्षांच्या करबचत रोख्यांत घालता येतो, पण विक्रीपासून ६ महिन्यांच्या आतच.

घर दोघांच्या नावे आहे आणि त्यातला एक परदेशात राहणारा मुलगा किंवा मुलगी आहे, असं असेल तर व्यवहाराआधी नक्की सल्ला घ्या. अनिवासी व्यक्तीला २० टक्क्यांचा पर्याय नाही, आणि तिच्या वाट्यावर खरेदीदाराला १ टक्का नव्हे तर बरीच जास्त करकपात करावी लागते. ही कपात झाली नाही तर जबाबदारी खरेदीदारावर येते.

सातबाऱ्याचा फोटो पाहून इसार देणं

महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या व्यक्तीला शेतजमीन विकत घेता येत नाही. कूळकायद्याचं कलम ६३ ते थांबवतं, आणि तरीही घेतली तर जमीन सरकारजमा होण्यापर्यंत प्रकरण जाऊ शकतं. 'फार्महाऊस प्लॉट' म्हणून दोन-चार गुंठे विकणारा माणूस बहुतेक वेळा शेतजमिनीचा अविभक्त हिस्सा विकत असतो. जमिनीचे लहान तुकडे विकू न देणाऱ्या तुकडेबंदी कायद्यात अलीकडे सवलती आल्या, पण त्या ठरावीक क्षेत्रांपुरत्या आहेत. तुमचा गट त्यात बसतो का हे तहसील कार्यालयातून लेखी घ्या. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यांना आणि अनिवासी भारतीयांना तर शेतजमीन आणि फार्महाऊस खरेदीची बंदी वेगळी आहे, ती परकीय चलन कायद्याची.

कोकणातली मुख्य अडचण सामायिक सातबारा. आजोबांच्या नावानंतर वारसनोंद झालेली नसते, चुलत भावंडं मुंबईत, बहिणी सासरी. एकाने सही करून दिलेला दस्त पुढे दहा जणांच्या हरकतींनी लटकतो. म्हणून क्रम असा ठेवा: सातबारा आणि ८-अ (खातेदाराच्या सगळ्या जमिनींचा उतारा), मग ३० वर्षांचे फेरफार (मालकी कशी बदलत गेली त्याच्या नोंदी), मग सातबाऱ्यावरचा इतर हक्काचा रकाना. तिथे कूळ, बोजा, 'खाजगी वन' यांपैकी काही दिसलं तर थांबा. भोगवटादार वर्ग-२, म्हणजे विक्रीवर सरकारी अट असलेली जमीन असेल तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि नजराणा लागतो. शेवटी मोजणी. कागदावरचे पाच गुंठे जागेवर कुठे आहेत, हे मोजणीशिवाय कळत नाही.

समुद्र किंवा खाडी जवळ असेल तर किनारा नियमन क्षेत्राचा (सीआरझेड) नकाशा पाहा. विरळ वस्तीच्या ग्रामीण भागात समुद्राच्या भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत नवं बांधकाम चालत नाही. महाबळेश्वर-पाचगणी २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे. तिथे साधी खोली वाढवायलाही परवानगीचा प्रश्न येतो. गोव्यात सातबाऱ्याच्या जागी फॉर्म १ व १४ असतो, बिनशेतीला 'सनद' म्हणतात, आणि तिथल्या नागरी कायद्यामुळे विकणाऱ्याच्या जोडीदाराची सही सहसा अनिवार्य असते. मुंडकाराचा, म्हणजे मालकाच्या जागेत पूर्वापार घर करून राहणाऱ्याचा हक्क आहे का, हेही विचारा.

डिसेंबरात गाव पाहून ठरवणं

डिसेंबरात दापोलीही सुंदर दिसते आणि नागपूरही. ज्या महिन्यांत राहणं अवघड, त्याच महिन्यांत गाव बघायला हवं: जुलैत सलग पंधरा दिवस आणि मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात आठवडाभर. आम्हाला विचाराल तर या लेखातली सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी चाचणी हीच.

जुलैत पाहायचं ते असं. कोकणपट्टीत वर्षाला २,५०० ते ३,५०० मिलिमीटर पाऊस पडतो, महाबळेश्वरला ५,००० च्या वर. घाटमाथा ओलांडला की आकडा झपाट्याने कोसळतो. महाबळेश्वरहून पाचगणी २० किलोमीटरच्या आत आहे, वाई त्याखाली थोड्या अंतरावर, पण तिन्हींचे पावसाळे वेगळे. दमा, संधिवात किंवा जुना सायनस असलेल्यांनी हवा थंड आहे एवढ्यावर न जाता ओल किती राहते ते पाहावं. कपाटातल्या कपड्यांना आणि गादीच्या खालच्या बाजूला बुरशी येते का, पश्चिमेची भिंत आतून ओली होते का, कपडे किती दिवसांत वाळतात? श्रवणयंत्र वापरणाऱ्यांना दमट हवेत ते रोज रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवावं लागतं, नाहीतर वारंवार बंद पडतं.

ओल आधीच घेतलेल्या घरात निघाली तर आतून रंग देऊन ती जात नाही. पाणी बाहेरून येतं. पश्चिम आणि नैर्ऋत्य भिंतीवर तीन-चार फूट पुढे येणारी पडवी किंवा पत्र्याचं छप्पर, जोत्याभोवती उताराचा फरसबंद पट्टा आणि बाहेरून गिलाव्याची दुरुस्ती, या क्रमाने करा. जांभ्याचा चिरा पाणी शोषतो. उघडा चिरा दिसायला देखणा, पण पावसाच्या तोंडावरच्या भिंतीला तो आतून ओल देतोच.

मे महिन्यात विहीर पाहा. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही कोकणात टंचाई येते, कारण जांभा आणि तीव्र उतार पाणी धरून ठेवत नाहीत. मालक म्हणेल 'बारमाही आहे'. तुम्ही दोरी सोडून पाणी किती फूट आहे ते मोजा, आणि शेजाऱ्याला टँकर कधी मागवावा लागतो ते विचारा.

पूर आणि दरड यांचा इतिहास लपत नाही, फक्त विचारावा लागतो. २२ जुलै २०२१ ला चिपळूणची बाजारपेठ वाशिष्ठीच्या पाण्यात बुडाली आणि त्याच दिवशी महाडजवळ तळीये गावावर दरड कोसळली. सांगली-कोल्हापूरने २०१९ आणि २०२१ असे दोन महापूर पाहिले. नदीकाठच्या गावात घर घेताना जलसंपदा विभागाच्या निळ्या आणि लाल पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल १०० वर्षांतून एकदाच्या पुराची. डोंगरउतारावर घर असेल तर मागचा उतार कापून जागा सपाट केली आहे का, ते पाहा.

वीज हा हवामानाचाच भाग आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड-रत्नागिरीतल्या कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. १५० अँपिअर-तासाची एक बॅटरी २०० वॉटचा भार सुमारे सहा तास ओढते. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर एकटाच ३०० ते ४०० वॉट घेतो, म्हणजे तीन-चार तासांत बॅटरी संपली. असं यंत्र घरात लागत असेल तर दोन बॅटऱ्या आणि भरलेला सिलिंडर, दोन्ही हवेत.

दवाखाना किलोमीटरमध्ये मोजणं

'इस्पितळ चाळीस किलोमीटरवर आहे' याला अर्थ नाही. जुलैतल्या रात्री दोन वाजता घाटातून किती वेळ लागतो, ते महत्त्वाचं. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. म्हणून तीन वेगळे प्रश्न विचारा: चोवीस तास सीटी स्कॅन कुठे, अँजिओप्लास्टी कुठे, डायलिसिस कुठे? डायलिसिस बहुधा आठवड्यातून तीनदा लागतं. दर वेळी जाऊन-येऊन पाच तासांचा प्रवास कोणी फार काळ करू शकत नाही.

आरोग्य विम्यात शहरांचे गट असतात. लहान गावाच्या गटात हप्ता कमी बसतो, पण उपचार मुंबईत घेतले तर काही पॉलिसींत ठरावीक टक्के रक्कम स्वतः भरावी लागते. पत्ता बदलण्याआधी हे कलम वाचा. केंद्रीय निवृत्तांना सीजीएचएस (केंद्र सरकारची आरोग्य योजना) नसलेल्या गावी बाह्यरुग्ण उपचारांसाठी दरमहा १,००० रुपये भत्ता घेऊन दाखल होण्यासाठी सीजीएचएस ठेवता येतं. पुष्कळांना हा पर्याय माहीतच नसतो. सत्तरी पार केलेल्यांना आयुष्मान भारतचं कुटुंबामागे वर्षाला ५ लाखांचं संरक्षण आहे (सीजीएचएस असेल तर दोन्हींतलं एकच निवडावं लागतं), मात्र कार्ड काढलेलं हवं आणि जवळचं रुग्णालय योजनेत हवं.

साठीच्या पायांनी घर निवडणं

अलिबागचं घर 'मुंबईहून एका तासावर' असतं ते लाँच चालू असताना. गेटवे-मांडवा लाँच पावसाळ्यात बंद असतात, गाड्या नेणारी रो-रो बोट खराब हवामानात रद्द होते, आणि मग रस्ता. लोणावळा, पाचगणी, अलिबागमध्ये शनिवार-रविवारी भाजी आणायलाही गाडी बाहेर काढवत नाही. रात्री गाडी चालवणं थांबल्यावर किराणा, औषधं आणि बँक चालत जाण्याच्या अंतरावर आहेत का, हे आजच मोजा. पेन्शनीसाठी नोव्हेंबरचा हयातीचा दाखला मोबाइलवर चेहरा दाखवून देता येतो, पण घरात नेटवर्क हवं. ते घराच्या आतल्या खोलीत उभं राहून तपासा, अंगणात नाही.

ज्येष्ठांसाठीच्या गृहप्रकल्पात जात असाल तर जाहिरातीतल्या बागेपेक्षा करारनामा वाचा. महारेराने (राज्याचं गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) २०२४ मध्ये अशा प्रकल्पांसाठी निकष दिले आहेत: चाकाची खुर्ची जाईल अशी लिफ्ट, किमान ९०० मिलिमीटर रुंद दारं, न्हाणीघरात आधाराचे दांडे. नमुना फ्लॅटमध्ये टेप लावून मोजा. मग तीन कलमं शोधा. देखभाल शुल्क दरवर्षी किती टक्क्यांनी वाढणार, दोघांपैकी एक गेल्यावर अनामत रकमेचं काय, आणि अंथरुणाला खिळल्यावर तिथेच ठेवतात की जायला सांगतात? तिसऱ्याचं उत्तर करारात नसेल तर ते लिहून घेतल्याशिवाय सही करू नका.